लाईट कुठे येते

माझ्या नवऱ्याला, कुमारला, दोन महिन्यांत वेगाची दोन टिकिटं, म्हणजे दंडाच्या पावत्या, मिळाली, तेव्हा आमच्या मुलाने, मिहीरने, ऑस्टिनहून येऊन फर्मान काढलं: तिसरं मिळालं की बाबाच्या गाडीची किल्ली जप्त. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये गाडी नसणं म्हणजे नजरकैदच. मी हायवेवर चालवत नाही, म्हणजे शिक्षा दोघांना. दुसरा कोणी असता तर गुमान हळू चालवायला लागला असता. आमच्या शहाण्याने रडार डिटेक्टर मागवला, पोलिसांचं रडार जवळ असलं की पिंपिं करणारी डबी.

ती सिगारेट लायटरच्या भोकात खुपसली की काम भागतं. पण चौतीस वर्षं वीज कंपनीत काढलेल्या इंजिनिअरला लोंबती वायर कशी खपणार? तो ती थेट फ्यूज बॉक्सला जोडणार होता, आणि स्वतः. ऊन लागू नये म्हणून गॅरेजचं दार अर्धं पाडून, त्या अंधारात तो डॅशबोर्डखाली आडवा झाला. बारीक अक्षर दिसेना, म्हणून गाडीचं मॅन्युअल मिहीरच्या हातात दिलं. आमचा मिहीर दातांचा डॉक्टर, इथेच जन्मलेला, मराठी जेवणाच्या टेबलापुरतं.

"किल्ली फिरवल्यावर लाईट कुठे येते ते बघ," कुमार खालून म्हणाला.

मिहीरने पान नीट वाचून फ्यूजचा नंबर सांगितला, नऊ. कुमारने वायर जोडली, गाडी सुरू केली आणि डबी पिंपिं करत जागी झाली. बापलेकांना इतकं खूश मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

ट्रायलला मिहीरच चालवायला बसला, कारण बाबावर त्याचा भरवसा नव्हता. हायवेवर लख्ख ऊन होतं आणि डबी गप्प होती. म्हणजे रस्ता मोकळा, असं म्हणून त्याने जोरात पाय दाबला. पासष्ट मैलांच्या मर्यादेत चौऱ्याऐंशी. दोनच मिनिटांत मागे लाल-निळे दिवे.

पोलीस टिकिट लिहीत असताना कुमार त्याला वायर किती सुबक लपवली आहे ते दाखवत होता. मी मागच्या सीटवर ओढणी तोंडात कोंबून हसत होते. पोलीस गेल्यावर कुमार उतरला, मिहीरच्या दाराशी गेला आणि हात पुढे केला. मिहीरने मुकाट्याने किल्ली दिली.

परतताना एका पुलाखाली अंधार आला, गाडीचे दिवे आपोआप लागले आणि डबी पिंपिं करून उठली, गॅरेजच्या अंधारात उठली होती तशी. पूल संपला, दिवे विझले, डबी पुन्हा ठप्प. कुमारने विचारलं, नऊ नंबर नक्की कशाचा होता?

"हेडलाईट. यू सेड लाईट, बाबा."

"अरे, लाईट म्हणजे पॉवर. आपण लाईट गेली म्हणतो ना, ती."

मिहीरचा चेहरा पडला. तेव्हा कुमार म्हणाला, "चूक माझी. मी मीटर लावून तपासायला हवं होतं." लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

"किल्ली तुझ्याकडेच ठेव," मिहीर म्हणाला. "पण प्लीज हळू चालव. आय गेट स्केअर्ड, बाबा. प्रत्येक वेळी फोन वाजला की."

कुमारने काटा साठावर आणला आणि तिथेच ठेवला. ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून चालले होते. मला फार बरं वाटत होतं. कुमार चालवत असताना मी आजवर कधी डोळा मिटला नव्हता. त्या दिवशी घर येईपर्यंत गाढ झोपले.