शील पक्कं बसवा

बुचकाकांना समाधी हवी होती, आणि तीही याच महिन्यात.

त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या कारखान्यात बावीस वर्षं बाटल्यांची बुचं तपासणाऱ्या माणसाला लोक आणखी काय म्हणणार? त्यांच्या बायकोलाही शेजारणी बुचकाकू म्हणत आणि तिचा जीव नुसता जळे. दोन महिन्यांपूर्वी काका गल्लीच्या टोकाला असलेल्या ध्यानगृहात सहज म्हणून डोकावले आणि जे पेटले ते पेटलेच. सकाळी सहाला बैठक, संध्याकाळी सहाला बैठक, मधल्या वेळात जो भेटेल त्याला श्वासाबद्दल व्याख्यान. माणसाला इतका उत्साह बरा नव्हे, पण त्यांना सांगणार कोण?

तिथले भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू, कमी बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, की आधी शील. शील पक्कं असेल तरच मन ठरतं, शीलाशिवाय समाधीची वाट बघत बसू नका.

आता गंमत ऐका. बाटलीच्या तोंडावर जे सील बसवतात, त्याला त्या कारखान्यात सगळे शीलच म्हणत. शील बसलं, शील फुटलं, शील गळतंय, दिवसातून शंभरदा. त्यामुळे भंतेंचं बोलणं ऐकून काकांना आकाश ठेंगणं झालं. बाकीची मंडळी बिचारी चाचपडत बसणार, आणि हे तर आपलं रोजचं काम! आत जे आहे ते आत राहिलं पाहिजे, बाहेरचं काही शिरता कामा नये. यात शिकायचं ते काय?

झालं, काका घरी येऊन कामाला लागले. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, दाराखाली जुनी चादर, कानात कापूस, भिंतीवरचं घड्याळ स्वयंपाकघरात. त्या बंद खोलीत ते घामाघूम होऊन बसत आणि मन मात्र उंडारत असे. काकूंनी आठवडाभर सहन केलं. मग एक दिवस दाराबाहेरून विचारलं, "अहो, श्वासाकडे लक्ष द्यायचं ना? मग त्याला हवा कुठून येणार?"

काकांनी आणखी एक पट्टी लावली.

दोन महिने झाले तरी समाधीचा पत्ता नाही, तेव्हा एका सकाळी बैठक संपल्यावर काकांनी भंतेंना गाठलंच. तक्रार रोखठोक होती. शील इतकं पक्कं बसवलंय की मुंगी आत येणार नाही, तरी काही घडत का नाही? आणि त्यांनी चिकटपट्टीपासून कापसापर्यंत सगळं सांगून टाकलं.

भंते आधी ऐकत राहिले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. इतकं हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, बाटलीचं नाही हो ते," शेवटी ते म्हणाले. "शील म्हणजे आपलं वागणं. जीव घेऊ नये, न दिलेलं घेऊ नये, कुणाशी वावगं वागू नये, खोटं बोलू नये, नशा करू नये. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर तुम्हीही म्हणालात की."

म्हणाले होते खरे. पण औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचावा, तसं भरभर म्हणून मोकळे झाले होते. काका कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी विचारलं, की वागण्याचा आणि डोळे मिटून बसण्याचा संबंध काय?

भंते म्हणाले, संबंध साधा आहे. दिवसा जे दडवून ठेवतो, ते डोळे मिटले की शेजारी येऊन बसतं. त्याला पट्टी लावून बाहेर ठेवता येत नाही, कारण ते आतच असतं.

"पण मी खोटं बोलतच नाही," काका म्हणाले. आणि मग जरा थांबून, "म्हणजे, तोंडाने तरी नाही."

हे शेवटचे शब्द आपण का जोडले, हे त्यांचं त्यांनाच कळेना. आणि दुसऱ्या क्षणी कळलं, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

काकांचं काम असं, की प्रत्येक बॅचमधल्या दहा बाटल्या निळ्या पाण्याच्या काचेच्या भांड्यात बुडवायच्या, वर झाकण लावून पंपाने हवा ओढायची आणि अर्धा तास थांबायचं. मग बाटल्या पुसून उजेडात धरायच्या. आत निळं उतरलं असेल, तर शील गळतंय. काल संध्याकाळी शेवटची बॅच आली तेव्हा साडेपाच वाजले होते. अर्धा तास थांबलो, तर सहाची बैठक चुकणार. बावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं, पण काकांनी काल बाटल्या न बुडवताच तक्त्यावर लिहिलं, दहापैकी दहा ठीक, खाली सही ठोकली, आणि ध्यानाला पळाले. होय, ध्यानाला! या माणसाला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा.

आणि ती बॅच आज आठ वाजता गाडीतून निघणार होती. चार हजार बाटल्या, थेंब शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांत घालायचे. एकाही बाटलीत जंतू शिरले, तर कुणाचा तरी डोळा जाणार.

घड्याळात साडेसात झाले होते. भंतेंना नमस्कार करायचंही भान राहिलं नाही. काका जे सुटले ते वाटेत दूधवाल्याची सायकल पाडता पाडता, सिग्नलवर शिव्या खात, धाप लागून थेट कारखान्याच्या फाटकात. गाडीचा मागचा दरवाजा बंद झाला होता आणि चालक चावी फिरवत होता. काका गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. तोंडातून एकच वाक्य निघालं, की शीलाची गडबड आहे.

तपासणी विभागाच्या मॅडम धावत आल्या. त्यांनी काकांचा चेहरा बघितला आणि एका शब्दाने काही न विचारता खोकी उतरवायला सांगितली. दहा बाटल्या निळ्या पाण्यात गेल्या. चालक कुरकुरत राहिला, पंप घुरघुरत राहिला, आणि काकांचा जीव अर्धा तास टांगणीला लागला. मग मॅडमनी स्वतः एकेक बाटली पुसून खिडकीशी धरली. चौथी निळी. सातवी निळी. नववी तर चांगलीच निळी.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा विभाग टाळ्या वाजवायला लागला. चालकानेही काकांच्या पाठीवर थाप मारली. मॅडमचे डोळे भरून आले होते. एकदा ठीक निघालेल्या बॅचबद्दलही या माणसाला सकाळी शंका यावी आणि त्याने जिवाच्या आकांताने धावत यावं, याला म्हणतात अनुभव, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी मोठ्या साहेबांना फोनही लावला.

काका मधोमध उभे. बॅच थांबली होती आणि डोळे वाचले होते. आता फक्त गप्प राहायचं होतं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती, टाळ्यांनी सगळं काम केलं होतं. बावीस वर्षांत त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती आणि ती फार गोड लागत होती, हेही खरं.

"मॅडम, काल मी बाटल्या बुडवल्याच नाहीत," काका म्हणाले. "घाई होती. न बघताच ठीक लिहिलं."

टाळ्या कुठल्या कुठे विरल्या. फोनमधून साहेबांचं हॅलो, हॅलो ऐकू येत राहिलं. मॅडमनी फोन बंद केला आणि काकांकडे अशा नजरेने बघितलं की दुसरा कुणी असता तर जमिनीत गडप झाला असता. काकाही घाबरले होते, नोकरी जाणार हे दिसत होतं. पण आत काय झालं होतं म्हणता? आत कुणी बोलतच नव्हतं. श्वास येत होता, जात होता, आणि त्याच्या शेजारी दुसरं काही बसलेलं नव्हतं.

मॅडमनी हात पुढे केला. काकांनी खिशातून सहीचा शिक्का काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कपाटात टाकून कुलूप लावलं, तक्त्यांची फाईल उघडली आणि पानं मागे मागे उलटत गेल्या.

"आणि परवाची बॅच?"

"परवाची बुडवली होती, मॅडम."

"नक्की?"

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. काकांनी बाह्या वर सारल्या आणि निळ्या पाण्याचं भांडं पुढे ओढलं.

"नक्की," ते म्हणाले. "पण माझ्या शब्दावर जाऊ नका. तिच्याही दहा मागवा, तुमच्यासमोर बुडवू."