मेल्यावरचं हसू

आमचे हे आजवर बेचाळीस वेळा मेले. दोनदा फासावर, एकदा हत्तीच्या पायाखाली, आणि बाकीच्या वेळी हिरोच्या बापाला मरायला जे काही लागतं त्याने. सभानायगम हे यांचं नाव पोस्टरवर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात असतं. पण हे पडद्यावर आले की बायका आधीच पदर डोळ्यांशी नेतात, कारण आता हा बिचारा जाणार हे त्यांना पाठ असतं.

आमच्या कोडंबाक्कमची, म्हणजे मद्रासच्या सिनेमावाल्यांची, एक रीत आहे. प्रेताचा शॉट झाला की प्रेताने उठून बसायचं आणि कॅमेऱ्यात बघून हसायचं. कॅमेऱ्याने माणसाला शेवटचं पाहिलं ते जिवंत पाहिलं, असं व्हायला हवं. ते हसू सिनेमात कधी लागत नाही, पण ते घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही. मी दर वेळी टॉवेल आणि ताकाची बाटली घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभी राहते, आणि हसू झाल्यावरच यांच्या कपाळावर प्रेताला लावतात म्हणून चिकटवलेलं नाणं काढते. सेटवरची पोरं मला चिडवतात, "अक्का, यमाकडून पावती घेतल्याशिवाय हलत नाहीत." चिडवू देत. चाळीस वर्षं नवरा मरताना बघायचा म्हणजे खायचं काम नाही.

बेचाळिसावं मरण पुरट्टासीच्या महिन्यात, नवरात्राच्या सुमारास आलं, पोळ्ळाचीजवळच्या एका खेड्यात. प्रेताचं काम दोन दिवस होतं. पहिल्या दिवशी दुपारी जेवताना हे म्हणाले, "तिलका, उद्या मी हसणार नाही."

मला वाटलं, दात दुखतोय.

"रसम घ्या," मी म्हटलं. "ठणक कमी होईल."

"दात नाही गं. हसायचंच नाही मला. कट म्हटलं की उठून सरळ गाडीत बसणार. तू मध्ये पडू नकोस."

मग केळीच्या पानाची कड घडी करत करत त्यांनी जे सांगितलं ते मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. यांनी पूर्वी दोन सिनेमे दिग्दर्शित केले होते, एवढं ठाऊक होतं. पहिला शंभर दिवस चालला. दुसऱ्यात वैद्यलिंगम नावाचे म्हातारे नट आजोबा झाले होते. त्यांच्या प्रेताचा शॉट संपला तेव्हा ऊन उतरत चाललं होतं, अजून हिरोईनचं रडणं घ्यायचं होतं. वैद्यलिंगम बाकड्यावर उठून बसले, तोंड हसरं करून वाट बघत राहिले, आणि हे म्हणाले, "अय्या, नंतर घेऊ." ते नंतर आलंच नाही. नवव्या दिवशी वैद्यलिंगम गेले.

त्यांच्या अंत्यसंस्काराला मीही यांच्याबरोबर गेले होते. परत आल्यावर यांनी दिग्दर्शन सोडलं. सगळे म्हणाले सिनेमा पडला म्हणून, आणि मीही तेच धरून बसले. निर्माते घरी येऊन विनवायचे, हे त्यांना कॉफी पाजून परत पाठवायचे. आणि मी मूर्ख, शेजारणीला सांगायची की आमच्या यांच्यात धमकच नाही!

"बावीस वर्षं झाली, मला कळत नाही मी त्यांना मारलं की नाही," हे म्हणाले. "आता मी त्यांच्याच वयाचा आहे. उद्या हसत नाही. नऊ दिवस बघायचं. नऊ दिवसांनी मी असलो, तर ते माझ्यामुळे गेले नाहीत."

"आणि नसलात तर?"

"तर तेही कळेल."

 मी भांडले, रडले, मुलीला फोन लावते म्हणून धमकी दिली. यांनी पान मिटलं आणि हात धुवायला गेले. रक्तदाबाच्या दोन गोळ्या खाणारा माणूस आणि याला यमाशी पैज लावायची होती!

कॅमेरामन एळिलनला मी तो लहान असल्यापासून ओळखते, त्याचा बापही कॅमेऱ्यावर होता. संध्याकाळी त्याला गाठलं.

"कट झाल्यावर कॅमेरा बंद करायचा नाही," मी म्हटलं. "आणि यांना कळता कामा नये."

 दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा चालू असताना लागणाऱ्या लाल दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला.

कट झालं. हे झटकन उठले, चेहऱ्यासमोर हात धरला आणि निघाले.  मी आडवी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले, "अहो, यम आला होता मघाशी. विचारत होता, यांची तारीख मिळेल का? मी सांगितलं, पोंगलपर्यंत आमचे हे बुक आहेत."

हे आधी माझ्याकडे बघत राहिले. मग हात खाली आला आणि बत्तीशी दाखवून असे हसले की नाणं खाली पडलं. एळिलनने मान हलवली. हसू मिळालं होतं.

तरी ते नऊ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. चोरून घेतलेलं हसू यमाला चालतं का, हे कुणाला विचारणार? हे न्हाणीघरात जास्त वेळ राहिले की मी दार वाजवायची. दुपारी झोपले की नाकाशी बोट धरायची. एकदा त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "आहे अजून. कॉफी टाक."

दहाव्या दिवशी सकाळी हे गॅलरीत उभे राहून लहान मुलासारखे रडले. "मी नाही मारलं गं त्यांना," एवढंच पुन्हा पुन्हा. बावीस वर्षांनी त्यांची पाठ ताठ झालेली मी पाहिली. आता सांगायचं का? तुम्हीच सांगा, कोणत्या तोंडाने सांगणार? मी कॉफी टाकली.

त्यानंतर घरात कागदच कागद झाले. मार्गळीत, म्हणजे पोंगलच्या आधीच्या महिन्यात, आमच्याकडे नवं काम कुणी काढत नाही. यांनी मुद्दाम मार्गळीतच सिनेमा सुरू केला, एळिलनला कॅमेऱ्यावर घेऊन. नारळ फोडला नाही, दृष्ट काढायचा भोपळा फोडला नाही. "सगळं थोतांड आहे, मी स्वतःवर तपासलंय," असं ज्याला त्याला सांगत सुटले. मी ऐकायची आणि कॉफी टाकायला आत जायची.

परवा प्रेताचा शॉट होता. बाकड्यावर मुत्तुवेल नावाचे नट झोपलेले, वय बहात्तर. त्यांची बायको सौंदरम टॉवेल घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभी होती, अगदी मी उभी राहते तिथे.

"कट," हे म्हणाले. "छान. चला, पुढचा शॉट."

मुत्तुवेल उठून बसले, तोंड हसरं करून.

"अय्या, त्याची गरज नाही," हे म्हणाले. "हसलं नाही म्हणून कोणी मरत नाही. मी जिवंत पुरावा आहे."

 सौंदरम दिग्दर्शकापुढे काय बोलणार? तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी एळिलनकडे पाहिलं. त्याने खिशातून टेप काढली, दिव्यावर लावली. मग मी मुत्तुवेलसमोर जाऊन उभी राहिले. दुसरं काही सुचेनाच.

"अण्णा, यम आला होता मघाशी. विचारत होता, तुमची तारीख मिळेल का? मी सांगितलं, पोंगलपर्यंत..."

मुत्तुवेल खो खो हसले. माझ्या मागे मात्र कुणी हसलं नाही.

मी वळले. हे कॅमेऱ्यापाशी गेले होते. त्यांनी नखाने टेप सोलली. खाली दिवा लाल जळत होता.

"तिलका, त्या दिवशीही टेप होती?"

यांच्याशी खोटं बोलायला मला कधी जमलं नाही, गप्प बसायला तेवढं जमलं होतं. "होती," मी म्हटलं.

यांनी टेपचा तुकडा बोटाभोवती गुंडाळला. मला वाटलं, आता कोसळतील, आणि ते माझ्याच हातून. मग म्हणाले, "मुत्तुवेल अय्या, वन मोअर. या वेळी कॅमेऱ्यात बघून हसा." ते झाल्यावर मुत्तुवेलना उठवलं आणि वैद्यलिंगम बसले होते तसल्याच त्या रिकाम्या बाकड्याचा एक शॉट घेतला. तो किती वेळ चालला देव जाणे. कट म्हणायचं सोडून हे बाकड्यापुढे हात जोडून उभे होते.

 परतताना वडपळनीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "रागावलात?"

"तुला भीती वाटली, तू केलंस," हे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पोंगलला किती दिवस राहिले?"

यमाला मीच पोंगलपर्यंतची मुदत दिलीय, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी बोटांवर मोजलं. अकरा.