ट्रे फिरवायचा राहिला

“माझ्या बॅगेत बिस्किटं भरू नका हं,” खारू म्हणाली. “हॉस्टेलवर सगळं मिळतं.”

“मिळत असेल गं. पण घरचं ते घरचं,” सिस्टर म्हणाली.

“घरची कुठंयत ती? तुमची आहेत.”

खारू काही रागावून बोलली नव्हती. मोज्यांच्या जोड्या गुंडाळता गुंडाळता सहज बोलली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. सिस्टरनं स्वयंपाकघरात जाऊन सकाळी बाहेर काढून ठेवलेलं बटर बोटानं दाबून पाहिलं. बोट अलगद आत गेलं. आता माघार घ्यायची म्हणजे एवढं बटर वाया घालवायचं, आणि शिवाय उद्या सकाळच्या गाडीनं पोरगी जायची होती. या घरात आल्यापासून सिस्टरनं किती वेळा चहाची बिस्किटं केली असतील, पण या मुलीनं कधी एक अख्खं संपवलं नव्हतं. एक घास घ्यायची, बशीच्या कडेला ठेवून द्यायची. आज तरी तिनं हातातलं बिस्किट संपवावं, एवढंच सिस्टरला हवं होतं. जास्त काही मागायची तिची हिंमतही नव्हती.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हे. ती नर्स होती, अजूनही आहे. या घरातली पहिली बाई, म्हणजे खारूची आई, शेवटच्या आजारात तिच्याच वॉर्डात होती. तेव्हा खारू एवढीशी होती. पुढचे दोन दात मोठे, म्हणून बाप खारूताई म्हणायचा. पुढं ताई गळून पडली. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत. पोर खाली बाकावर बसून राहायची आणि सिस्टर जिना उतरताना दिसली की धावत यायची, “सिस्टर, आई उठली?” पुढं सिस्टर लग्न होऊन याच घरात आली, पण हाक काही बदलली नाही. नवराही गमतीनं तेच म्हणू लागला, मग शेजारपाजारचेही. आई म्हण, असं पोरीला कुणी सांगितलं नाही, आणि सिस्टरला तर तो विषय काढायचीही लाज वाटे.

लग्न जमलं ते लिफ्टमध्ये. अगदी खरोखरच्या लिफ्टमध्ये. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. बायको जाऊन बराच काळ लोटल्यावर एकदा हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत सिस्टर, आणि तिला हात धरून वर ओढायला नेमका हाच. “वरच्या मजल्यावर जायला निघाली आणि थेट संसारात पोचली!” असं शेजारच्या काकू हसत हसत सांगायच्या. पण सगळ्यांच्याच जिभेला हाड असतं असं नाही. “कसली लिफ्ट नि कसलं काय! वॉर्डातच जमलं असणार. पहिलीनं डोळे मिटायची वाट बघत बसले असतील दोघं,” असंही कुणीतरी जिन्यात बोललं आणि ते सिस्टरच्या कानावर आलं. तिच्या अंगाची आग आग झाली. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. वॉर्डातल्या दिवसांबद्दल या घरात अवाक्षर काढायचं नाही.

म्हणून तर ही बिस्किटं तिला कुणी शिकवली हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिलीला सगळे बेकरीवाली म्हणत. दुकानबिकान काही नव्हतं. घरच्या घरी भाजायची आणि अख्ख्या जिन्याला वाटत सुटायची. नवरा कामावरून आला की दारातूनच ओरडायचा, “काय बेकरीवाली, दुकान उघडं आहे का?” की आतून ठसक्यात उत्तर यायचं, “उघडं आहे, पण उधारी बंद!” हे सगळं सिस्टरला काकूंनीच रंगवून सांगितलं होतं. नवऱ्यानं कधी सांगितलं नाही. तो आता बेल वाजवून, मुकाट्यानं घरात येत असे.

सिस्टरनं चहाची पत्ती कोरडीच तव्यावर घातली आणि मंद आचेवर हलवू लागली. वास सुटला, तसं पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. हे नेहमीचंच होतं. मेलेल्या माणसांना सिस्टर भ्यायची नाही. कितीतरी जणांचे डोळे तिनं स्वतःच्या हातानं मिटले होते. पण या स्वयंपाकघरात तिला मान वळवायचा धीर होत नसे. इथल्या खुंट्या बेकरीवालीच्या उंचीच्या, सिस्टरला स्टुलावर चढावं लागे. ओव्हनच्या बटणावरचे आकडे झिजलेले, आणि बरोबर आचेच्या जागी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. बेकरीवालीनंच दिलेला. त्या ठिपक्यावर बटण आणताना दर वेळी सिस्टरच्या बोटांना ओल्या कापसाचा गार स्पर्श आठवायचा. तेच लाल नेलपॉलिश ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बेकरीवालीच्या नखांवरून सिस्टरनंच पुसून काढलं होतं.

“एका बोटाला तरी राहू द्या की,” बेकरीवाली म्हणाली होती. “कुणाला कळतंय?”

“डॉक्टरांना नखांचा रंग बघावा लागतो हो. रक्तात ऑक्सिजन नीट पोचतोय का ते कळतं.”

“म्हणजे मी गेले तर आधी नखांना कळणार? नवऱ्याला मागून?” असं म्हणून ती खुदकन हसली होती. मग उजवा हात पुढं करून तिनं आपणहूनच सांगायला सुरुवात केली. “तुम्हाला एक शिकवून ठेवते, सिस्टर. चहाची बिस्किटं. चहा उकळून घालायचा नाही, सगळे तिथंच फसतात. पत्ती कोरडी भाजायची आणि पिठासारखी बारीक कुटायची. बटर नि पिठीसाखर एकजीव झाली पाहिजे. मग मैदा. वळकटी करून गार करा नि सुरीनं चकत्या पाडा. आणि हो, माझा ओव्हन आहे वाकड्या चालीचा, मागची डावी बाजू पार काळी करून टाकतो. निम्म्यावर ट्रे फिरवायचा. विसरायचं नाही.” पुढंही ती काहीतरी बोलली होती, पण समोरच्या खाटेवरच्या आजीनं हाक मारली आणि सिस्टर उठली. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशननंतर बेकरीवाली पुन्हा बोललीच नाही.

नर्सला सांगितलेलं औषध चुकत नाही, तसं सिस्टरचं हेही कधी चुकलं नाही. ती ओव्हनसमोर स्टूल घेऊन, डोळ्यांत तेल घालून बसायची आणि निम्म्यावर ट्रे फिरवायची. बिस्किटं अशी एकसारखी सोनेरी उतरत की दुकानवाल्यानं मान खाली घालावी. नवरा म्हणायचा, “छान झालीयत.” आणि दुसरं उचलायचा नाही. खारूला विचारलं, काय कमी आहे गं, तर म्हणायची, “काही नाही. चांगली आहेत.” चांगली आहेत! त्या दोन शब्दांनी सिस्टरचं काळीज कुरतडलं होतं.

आजही पहिला ट्रे आत गेला. सिस्टर समोर बसली. “बघ बाई,” ती मनात म्हणाली, “तू सांगितलंस तसंच केलंय. आता तू तरी आड येऊ नकोस.” काचेआड चकत्या हळूहळू पसरू लागल्या. फिरवायची वेळ होत आली, तिनं फडकं हातात घेतलं, आणि दाराकडं पाहिलं.

दारात बेकरीवाली उभी होती. तोच हिरवा स्वेटर, बाह्या बोटांवर ओढलेल्या, तीच उंची.

“फिरवते हं, आत्ता फिरवते,” सिस्टरच्या तोंडून निघालं.

“काय फिरवताय?” खारू म्हणाली. “असं काय बघताय? उद्याचे बूट घालून बघत होते, तर हा आईचा स्वेटर दिसला. नेऊ का म्हणून विचारायला आले. तिकडं थंडी असते.”

सिस्टरच्या जिवात जीव यायला थोडा वेळ लागला. पोर कधी एवढी उंच झाली हे रोज बघून कळलंच नव्हतं. “मला काय विचारतेस? तुझ्या आईचा आहे.”

“कपाट तुम्ही लावता ना. कसर नाही लागली याला. गोळ्याबिळ्या घालून ठेवलाय.” खारू थांबली. “तुम्हीच ठेवला असणार. बाबांना तर स्वतःचा रुमाल सापडत नाही.”

“बटण लोंबतंय बघ ते. थांब, काढू नकोस, अंगावरच लावते.”

सुई-दोरा घेऊन सिस्टर तिच्यापुढं उभी राहिली. इतक्या जवळ त्या दोघी कधी उभ्या राहिल्या असतील, तर फार पूर्वी. खारूचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता. सिस्टर टाके घालत राहिली. दोन टाक्यांत भागलं असतं तिथं तिनं उगाच चार घातले. दोरा दातानं तोडायला ती वाकली, तेव्हा खारू म्हणाली, “काहीतरी जळतंय.”

फडकं शोधून ट्रे बाहेर काढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढची बिस्किटं ठीक होती. मागच्या डाव्या बाजूची काळपट, काहींच्या कडा तर कोळसा.

“गेलं,” सिस्टर म्हणाली. “आजच जायचं होतं.” तिला रडूच कोसळलं. रुग्णांच्या मरणाला न रडणारी बाई चार बिस्किटांसाठी रडते म्हणजे काय, असं मनात येऊन तिला आणखीच रडू आलं. खारूकडं पाठ करून ती काळी बिस्किटं कागदावर ढकलू लागली.

तेवढ्यात बाहेरच्या दाराची किल्ली फिरली. उद्या लेक जाणार म्हणून नवरा लवकर आला होता, आणि आज त्यानं बेल वाजवली नाही.

“काय बेकरीवाली, दुकान उघडं आहे का?”

आवाज घरभर घुमला. तो बाहेरच्या खोलीत एक बूट काढलेला, एक पायात, तसाच उभा राहिला. वास आला नि तोंडातून निघून गेलं, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. सिस्टरला त्याचं उत्तर ठाऊक होतं. अगदी जिभेवर होतं. पण ते तिचं नव्हतं.

“उघडं आहे,” खारू म्हणाली. पुढचं तिला म्हणता येईना.

सिस्टरनं वळून पाहिलं. खारूच्या हातात कागदावरचं एक काळं बिस्किट होतं, अर्धं खाल्लेलं. बघता बघता तिनं उरलेलंही तोंडात टाकलं आणि दुसरं उचललं.

“बाबा, हे खा. ते नको, हे काळं घ्या.”

तो एका बुटानिशीच आत आला. स्वेटरमधल्या लेकीकडं त्यानं पाहिलं आणि भिंतीला हात टेकवला. मग बिस्किट तोंडात घातलं, डोळे मिटून चावत राहिला. “अरे देवा,” एवढंच म्हणाला. “हीच गं. हीच ती.”

“जळालंय म्हटलं की आई कशी अंगावर यायची!” खारू म्हणाली.

“जळालं नाही, खरपूस आहे!” तो बेकरीवालीच्या आवाजात म्हणाला, आणि दोघं हसले, आणि हसता हसता दोघांचेही डोळे वाहू लागले. मग ते बोलत सुटले. तिची गाणी, तिची भांडणं, लिफ्टमध्ये बसायला ती कशी घाबरायची. इतक्या वर्षांत सिस्टरसमोर ते एकदाही असं बोलले नव्हते. सिस्टर बेसिनपाशी ट्रे घासत उभी राहिली. जिला आजवर ती दाराशी थोपवून धरत होती, तिला आज तिनंच हाताला धरून आत आणून बसवलं होतं. आता आपली जागा कुठली, ते तिला कळेना.

आणि तिथं, त्या करपट वासात, तिला बेकरीवालीचं ते राहिलेलं वाक्य ऐकू आलं. अगदी कानाशी बोलल्यासारखं.

“‘मी मात्र नेहमी विसरते,’” सिस्टर म्हणाली.

“काय?” खारूनं विचारलं.

“असं म्हणाली होती तुझी आई. ट्रे फिरवायचा, विसरायचं नाही. मी मात्र नेहमी विसरते.” सिस्टरनं नळ बंद केला. आता बोललोच आहोत तर बोलून टाकावं. “ही बिस्किटं मला तिनंच शिकवली. वॉर्डात, ऑपरेशनच्या आदल्या दुपारी. मी आपली फिरवत राहिले.”

नवरा जमिनीकडं पाहत होता. आता खारू काय ते बोलेल, ते ऐकायला सिस्टर मनाची तयारी करून उभी राहिली.

“तुमच्याशी बोलायची ती?”

“रोज बोलायची.”

“मला वर सोडलं नाही,” खारू म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला. “मी खाली बाकावर बसायचे.”

“माहितीय. मी तिची खाट खिडकीशी ओढायची. पाठीला उशी दिली की तिला बाक दिसायचा. तू तिथं असेपर्यंत ती तुलाच बघत असायची गं. म्हणायची, ‘सिस्टर, हिची बुटाची नाडी सुटली बघा परत. पडेल ही.’ मग मी खाली यायची.”

खारू तिच्याकडं बघतच राहिली. “तुम्ही रोज माझी नाडी बांधायला यायचात.”

“ती पाठवायची.”

खारूनं स्वेटरची बाही तोंडावर दाबून धरली. बाप उठून बाहेरच्या खोलीत गेला आणि दुसरा बूट काढायला बराच वेळ बसून राहिला.

मग खारूनं कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं आणि ओव्हनसमोर सिस्टरच्या स्टुलाशेजारी ठेवलं. “दुसरा ट्रे लावा,” ती नाक ओढत म्हणाली. “डबा रिकामाच आहे माझा. आणि सांगा. आणखी काय काय बोलायची?”

सिस्टरनं चकत्या मांडल्या, बटण लाल ठिपक्यावर आणलं आणि सांगू लागली. पाठीमागं कुणी उभं आहे का, हे बघायला ती आज सहज वळली. ओट्यावर नुसता पिठाचा पसारा होता. निम्मा वेळ झाला, तसा तिचा हात सवयीनं फडक्याकडं गेला.

“नको, सिस्टर,” खारू म्हणाली. “राहू द्या.”

सिस्टरनं फडकं मांडीवर ठेवलं. काचेआड मागची डावी बाजू हळूहळू काळी पडत चालली होती. खारूच्या पायातल्या बुटाची नाडी सुटली होती. बोलता बोलता सिस्टर खाली वाकली आणि तिनं ती बांधली.