खडू न लागलेला माल

१. शिक्षकांनी शंकांचे समाधान केले का? एक ते पाच गुण द्या.

नीलम्मानं चष्मा पुसला. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात ती अठरा वर्षं माल तपासत होती. आता डोळे दमायला लागले होते. ऑफिसातलं काम मिळावं म्हणून तिनं मोबाइलवर एका संस्थेचा संगणकाचा कोर्स धरला. तिच्या मागोमाग तपासणीच्या टेबलावरच्या आठजणी आल्या.

२. शिकवण्याची वेळ व गती सोयीची होती का?

मागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही. शिकवणाऱ्या ऋतुजा मॅडमनी ते ओळखलं. जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात, तेव्हा त्या वर्ग घेऊ लागल्या. स्वतःचा डबा तसाच बाजूला. एकच गोष्ट चारदा सांगायच्या आणि चौथ्यांदाही म्हणायच्या, "नीलम्माताई, जमतंय की!"

३. एकंदरीत आपण समाधानी आहात का?

"अक्का, संस्थेनं फॉर्म धाडलाय, काय भरायचं ह्यात?" शेजारच्या श्रीदेवीनं विचारलं.

"चूक दिसली का तुला कुटं?"

"न्हाय की."

"मग खडू कशाला लावतीस? सोड कोरं."

टेबलाचा रिवाजच तो. तुटका धागा दिसला की खडूची खूण. चांगल्या टॉवेलला खूण नसते. तो घडी होऊन पुढं जातो.

नऊच्या नऊ फॉर्म कोरे गेले.

४. हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

शनिवारी मॅडम म्हणाल्या, "आज शेवटचा वर्ग. संस्थेनं माझी मुदत वाढवली नाही. कोरा फॉर्म म्हणजे शून्य धरतात." मग म्हणाल्या, "आवडत नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं."

नीलम्मानं पहिल्यांदाच स्वतःहून माइक चालू केला. "मॅडम, चूक सापडली न्हाय म्हणून कोरं ठेवलं. मीच सांगितलं सगळ्यांना."

पलीकडून मॅडम म्हणाल्या,

"हे तिथं लिहायचं होतं, ताई."

फॉर्म पुन्हा उघडेना. संस्थेला नऊजणींनी फोन लावले. नोंद झाली आहे, एवढंच उत्तर.

५. आणखी काही सांगायचे आहे का?

सोमवारी पहिला टॉवेल टेबलावर आला. नीलम्मानं तो उजेडात धरला. एक धागा इकडचा तिकडं नव्हता. तिनं खडू खाली ठेवला, टॉवेल घेतला आणि मागांच्या रांगेतून चालत तो विणणाऱ्या मल्लेशपाशी गेली. तिला येताना बघून त्यानं माग थांबवला.

"काय चुकलं, अक्का?"

"काय न्हाय. लई चांगला झालाय."

मल्लेशनं टॉवेल हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि चूक शोधत राहिला.