मालिशचा क्लास आणि दुसरी पाळी

मी मालिश शिकणार म्हटल्यावर आमच्या पिंपरीच्या चाळीत ज्याला त्याला मत फुटलं. "बाळंतिणीचं अंग रगडाया शाळा कशाला लागती?" शेजारच्या चिमाबाई म्हणाल्या. हात माझा चांगलाच होता, पण दवाखान्यात नोकरी हवी तर शिकल्याचा कागद लागतो. हे त्यांना कोण समजावणार?

क्लास दोन होते. चिंचवडचा दुपारचा, तीन महिन्यांचा. "लेकीला कडेवर घेऊन या," म्हणाले. पुण्याचा रोज सकाळी, वर्षभर, आणि पोराबाळांना मज्जाव. मला अर्थात चिंचवड पसंत.

पण आमचे हे, भीमराज, कंपनीत तपासणी खात्यात. घरातसुद्धा वाकडी चपाती बाजूला काढतात. चिंचवडच्या गुरुजींना त्यांनी विचारलं, "तुमचं रिजेक्शन किती?"

"एकही नाही. सगळे पास," गुरुजी छाती फुगवून म्हणाले. हे लगेच चपला घालायला उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्याच्या मंजुळाबाईंना तोच प्रश्न. त्यांनी यांना चष्म्यावरून न्याहाळलं. "गेल्या वर्षी चौघींना नापास केलं. हाडावर जोर देणारीला मी सोडत नाही."

"हितंच शिकायचं," हे म्हणाले.

"आणि सकाळी आपल्या छबीला कोण बघणार?" मी वाटेतच भांडले. यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिली पाळी असली की हे उजाडताच घराबाहेर.

"बघू," हे म्हणाले. पुरुषाचं 'बघू' म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. मी बोलणं टाकलं आणि मनात चिंचवड पक्कं केलं.

शनिवारी सकाळी यांचा दोस्त खंडू तणतणत आला. "वहिनी, याला समजवा. सायबाकडून कायमची दुसरी पाळी मागून घेतली यानं. लोक ती चुकवाया हातापाया पडत्यात. आन् आमच्या भीमगीतांना आता ढोलकी कोण वाजवणार?"

दुपारी तीनला जायचं, रात्री अकराला सुटायचं. सकाळ छबीसाठी मोकळी, पण संध्याकाळ म्हणून उरणारच नव्हती. विहारापुढे ढोलकी घेऊन बसणं, एवढंच या माणसाचं सुख. विडी नाही, दारू नाही.

हे आत छबीच्या दोन वेण्या घालत होते. एक कानावर, दुसरी मानेवर.

"मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"इचारलं आसतं तर तू चिंचवडला गेली आसतीस."

खरंच होतं ते. मी पदरात तोंड घालून रडले. छबीही रडायला लागली, तेव्हा खंडू उठून गेला.

सोमवारी मी पुण्याच्या लोकलमध्ये बसले. नवऱ्याचा अभिमान वाटत होता आणि त्याचा रागही येत होता. त्याहून जास्त मंजुळाबाईंची भीती वाटत होती, कारण आता नापास होणं मला परवडणार नव्हतं.