खिडकीतला दगड

आमच्या घरात गिरणी आहे, पीठ मात्र मिळत नाही. माझ्या भावाला दगडांना चकाकी आणायचा नाद आहे. रबराचा एक डबा, त्यात दगड, पाणी आणि खरखरीत पूड. डबा दोन रुळांवर आडवा ठेवायचा आणि मोटर चालू करायची, की तो दिवसरात्र, आठवडाभर घरघरत फिरतो. मग डबा उघडायचा, दगड धुवायचे, जरा बारीक पूड घालायची आणि पुन्हा आठवडाभर घरघर. असं तीन-चारदा झालं की कुत्र्यानेही हुंगला नसता असा दगड चमकायला लागतो. त्यातलं गढूळ पाणी दादाने एकदा मोरीत ओतलं. ते आत सिमेंटसारखं बसलं, आणि पाइप कापताना प्लंबरने मला विचारलं, "ताई, घरात बांधकाम काढलंय का?"

दादा नाटकाच्या थिएटरात रंगमंचामागे काम करतो आणि मी तिथेच कपडेपट सांभाळते. त्याने लग्न केलं नाही, मी केलं ते टिकलं नाही, त्यामुळे आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांचं डोकं खातो. कपाटात, खिडकीत, साखरेच्या जुन्या बरणीत, जिथे बघावं तिथे त्याचे गुळगुळीत गोटे. एकच दगड त्याच्या तावडीतून सुटला होता. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी तो दाराशी लावते. ओबडधोबड, एका बाजूला धार असलेला. "याला हात लावलास तर तुझी गिरणी गॅलरीतून खाली जाईल," असं मी बजावून ठेवलं होतं. मी बोलते ते करते, हे त्याला माहीत आहे.

त्याचं काम अंधारातलं. दोन प्रवेशांच्या मधे दिवे जातात आणि तेवढ्यात टेबल, खुर्च्या, भांडीकुंडी हलवायची. काळे कपडे घालायचे, पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही. प्रेक्षकाला आपण दिसलो म्हणजे आपलं काम चुकलं, असं तो मानतो. इतकी वर्षं झाली, तो कधी कुणाला दिसला नाही.

सध्याच्या नाटकात म्हाताऱ्या आईचं काम बाई करतात. आमच्याकडे नुसतं बाई म्हटलं की त्याच. बाईंना नीट दिसत नाही, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला कळलं ते मेकअपच्या खोलीत. त्या आरशाकडे तोंड करून बसायच्या, पण भुवया बोटांनी चाचपून काढायच्या. दादाला कळलं ते खुर्चीमुळे. एकदा त्याच्याकडून खुर्ची वीतभर सरकली आणि बाई सरळ तिच्यावर आदळल्या. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या पाठीला त्याने सुतळी गुंडाळली आणि दाराच्या आत काथ्याचा तुकडा ठोकला, पायाला लागेल असा. प्रयोगानंतर बाई त्याच्याजवळून जाताना म्हणाल्या, "दादा, खुर्ची छान झाली हो." त्यावर दोघांत कधी याहून जास्त बोलणं झालं नाही.

मीही तोंडाला कुलूप लावलं. दिग्दर्शकाला कळलं असतं तर त्याने बाईंना अगदी गोड शब्दांत घरी बसवलं असतं. तो माणूस वाईट नाही, तरुण आहे आणि सगळ्याचा घोर त्याच्या जिवाला. पण बाई एकदा मी पाठीमागची बटणं लावत असताना म्हणाल्या होत्या, "इथून घरी गेले ना, की मी कुणीच नसते गं." मी बटणच पुन्हा काढून लावलं.

नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात आई माडीवरच्या खोलीत असते. माडी म्हणजे रंगमंचावर उभारलेली लाकडी लेव्हल, माणसाच्या छातीएवढी उंच. तिच्या मागच्या बाजूला लांब खिडकी, खिडकीला लांब फळी. फळीवर आधी चिनी मातीचं भांडं आणि पार टोकाला एक दगड. फळी संपते तिथेच खाली विंगेत उतरणारा जिना, बिनकठड्याचा. दूर गेलेल्या मुलाने लहानपणी नदीतून आणलेला तो दगड आई हातात घेते आणि म्हणते, "तुला हातात घेतलं की वाटतं, तो आत्ता जिना चढून वर येईल." मग दिवे जातात, जिन्याच्या पायथ्याशी उभा असलेला दादा वर येतो आणि हात धरून बाईंना अंधारात खाली आणतो.

या दगडावरून दादाचा पहिल्या तालमीपासून जळफळाट व्हायचा. कुणीतरी थिएटरच्या मागच्या आवारातून फुटका तुकडा उचलून आणला होता. "नदीतला दगड असा असतो का?" तो जेवताना मला ऐकवायचा. "नदीत कधी उतरलेत का हे लोक?" त्यात एकदा त्या दगडाची कड बाईंच्या बोटाला लागली, जरासं रक्त आलं. मी पट्टी बांधली, बाई विसरूनही गेल्या, दादा मात्र विसरला नाही.

मग थिएटर रंगकामासाठी महिनाभर बंद राहिलं. दादाने तो दगड घरी आणून डब्यात टाकला. घरघर ऐकून माझं डोकं उठलं, पण बाईंसाठी म्हणून मी सोसलं. शेवटी त्याने तो फडक्याने पुसून माझ्या तळहातावर ठेवला. राखाडी दगडात पांढरी रेघ होती, ती आधी कुणाला दिसलीच नव्हती. गार, गुळगुळीत, मुठीत बसेल असा. खरं सांगायचं तर मला तो फार आवडला.

"बाईंना आधी दाखव," मी म्हटलं.

"दाखवून काय मजा? प्रयोगातच हाताला लागू दे."

एरवी साधा पेला बदलला तरी नटाच्या हातात देऊन बघणारा माणूस तो. पण त्या दिवशी लहान पोरासारखा खुशीत होता. सुतळी आणि काथ्या या त्याने स्वतः लावलेल्या खुणा होत्या, त्या तो कधी विसरला नसता. दगड तर नाटकातलीच एक वस्तू. बाईंनी आपल्यापुरती त्याची खूण केली असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

प्रयोग पुन्हा सुरू झाले. शेवटच्या प्रवेशाला मी शाल घेऊन दादाच्या शेजारी विंगेत उभी होते. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, बक्षीस समारंभाला आल्यासारखा. बाई फळीवरून हात सरकवत आल्या. भांड्याच्या जरा पुढेच त्यांचा हात फळीला टेकला होता. तो हात दगडाला लागला, त्याच्यावरून गेला आणि पुढे सरकला. गार, गुळगुळीत काहीतरी लागलं, त्याला त्या भांडंच समजल्या. त्यांच्या हिशेबाने फळी अजून बरीच उरली होती. खरं तर फळी संपली होती. हात हवेत गेला तरी त्यांनी पाऊल उचललंच.

मी दादाकडे वळले तर तो जागेवर नव्हता.

तो जिना चढून वर गेला होता, भर उजेडात, काळ्या कपड्यांत, टकलावर दिवा चमकत होता. त्याने हात पुढे केला आणि बाईंच्या शोधत्या हातात तो सापडला. दादाचा हात म्हणजे घट्टे, चिरा आणि खिळ्यांचे जुने व्रण. बाई तिथेच थांबल्या. त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला, ओळखला आणि जराही न अडखळता म्हणाल्या, "तुला हातात घेतलं की वाटतं, तो आत्ता जिना चढून वर येईल."

दिवे गेले. टाळ्या थांबेनात. प्रेक्षकांना वाटलं, मुलगा आला. साठीला टेकलेला मुलगा, पण नाटकात काय, सगळं खपतं.

दिग्दर्शकाला ते खपलं नाही. मी बाईंच्या केसांतले आकडे काढत असताना तो मेकअपच्या खोलीत आला. दादा दाराशी उभा होता.

"दादा, तुम्ही वर कसे आलात?"

"चुकलं, सर. उद्यापासून नका बोलावू मला."

"त्यांचं नाही चुकलं," बाई म्हणाल्या. "मला दिसत नाही."

माझा हात त्यांच्या केसांतच राहिला. दिग्दर्शक कपड्यांच्या पेटीवर बसला.

"म्हणजे किती दिसत नाही?"

"कडेकडेने थोडं दिसतं. मधे काही नाही. तुम्ही आत्ता समोर आहात ना, तर तुम्हाला चेहराच नाही."

"कधीपासून?"

"तालमींच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर हे काम दिलं असतंत?"

"नाही," तो म्हणाला. मला त्याचा राग आला आणि खरं बोलला म्हणून बरंही वाटलं. "पण मग इतके दिवस जमलं, ते आज काय झालं?"

दादाने खिशातून दगड काढून त्याच्या हातात दिला. तो दिव्याखाली धरून त्याने उलटसुलट पाहिला. "सुंदर आहे हो," तो म्हणाला. "पण हा नको. आधीचा आणा."

"आधीचा हाच आहे, सर," दादा म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

शेवटी दिग्दर्शकाने सांगितलं, की उद्या दुपारी तो स्वतः डोळ्यांना पट्टी बांधून त्या माडीवर चालणार. त्याला जमलं तर बाई काम करतील. नाही जमलं तर त्याचा नाइलाज आहे. त्या जिन्यावरून कुणाला पडताना त्याला बघायचं नाही. बाई मान हलवून "ठीक आहे" म्हणाल्या आणि त्यांनी तो गुळगुळीत दगड मागून घेतला. बोटांनी फिरवत राहिल्या. "दादा, हा मी घरी ठेवते," म्हणाल्या. दादाला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी त्याने घर पालथं घातलं. कपाट, बरणी, खिडकी, सगळे गोटे जमिनीवर. एकाला कड राहिली असेल तर शपथ. "पुन्हा जाड्या पुडीत टाकला तर?" मी विचारलं. "वरून खरखरीत होईल. कड नाही येत परत," तो म्हणाला आणि त्या चकाकत्या ढिगाऱ्यात तोंड पाडून बसला. थिएटरच्या आवारात जाऊन आणायचा तर तिथे रंगकामानंतर नवी फरशी बसवलेली.

मी उठले, गॅलरीत गेले आणि दाराचा दगड आणून त्याच्या मांडीवर आदळला. मागे दार धाडकन आपटलं.

"अगं, हा तर तू..."

"परत हवाय मला. आहे तसा."

दुपारी दिग्दर्शकाच्या डोळ्यांवर पट्टी मीच बांधली, कपडेपटातल्या काळ्या कापडाची, आणि चांगली करकचून बांधली. बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. तो काथ्यावर पाय घासून आत आला. सुतळीच्या खुर्चीला वळसा घातला. फळी सापडली, भांडं लागलं, हात पुढे सरकत गेला. मग "आई गं" म्हणत त्याने बोट तोंडात घातलं आणि जागेवर थांबला. पट्टी वर करून पाहिलं तर जिना त्याच्या पावलापासून वीतभर होता.

"बोचतो," तो म्हणाला.

"बोचतो ना?" खालून बाई म्हणाल्या. त्यांच्या हातांनी पिशवी सोडली.

दादाने फळी संपते तिथे खाली, पावलाला लागेल अशी एक लाकडी पट्टीही ठोकावी, एवढं सांगून दिग्दर्शक बोट चोखत निघून गेला.

संध्याकाळी प्रयोग झाला. शेवटच्या प्रवेशाला बाईंचा हात फळीवरून सरकत आला आणि माझ्या दाराच्या दगडावर थांबला. त्यांनी तो उचलला, धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "तुला हातात घेतलं की वाटतं, तो आत्ता जिना चढून वर येईल." दादा माझ्या शेजारी अंधारात उभा होता. तो काही वर गेला नाही. त्याचा एक पाय मात्र पहिल्या पायरीवर होता.