ताईच्या शब्दावर

गावाबाहेरचं जुनं दगडी चर्च बंद पडून छपराची पार चाळण झाली होती. ते पुन्हा उभं करायचं, ही कल्पना ताईची; चर्चच्या समितीची ती अध्यक्ष. गावाला जमवून ती म्हणाली, "रविवारी प्रार्थना होईल. एरवी एका बाजूला नर्सबाईंचा दवाखाना, दुसरीकडे वाचनाची खोली. सगळ्यांची हक्काची जागा."

तिचा धाकटा भाऊ सुतार. ताईने शब्द टाकला की त्याने मागेपुढे पाहायचं नाही, हे लहानपणापासून चालत आलेलं. हातातली कामं बाजूला सारून तो छपरावर चढला, कुजलेल्या तुळया उतरवून नव्या बसवल्या. त्याच्या बायकोने खिडक्यांच्या रंगीत काचा एकेक करून धुतल्या. गवंडी, मास्तर, म्हातारेकोतारे, सगळे राबले. नर्सबाईंनी तर औषधांच्या कपाटाची जागा खडूने आखूनही ठेवली. त्यावर कुणी पाय दिला की ओरडायच्या.

काम संपत आलं तेव्हा दोन माणसं टेप घेऊन आली आणि वेदीपुढची जागा मोजू लागली.

"काय मोजताय?" सुताराने शिडीवरून विचारलं.

"हॉटेलचं काउंटर इथे येणार."

माणसं पत्ता चुकली असतील, असं त्याला वाटलं. ती चुकली नव्हती. अंगावरचा भुसाही न झटकता तो ताईकडे गेला. ती भाजी निवडत होती.

"हॉटेलचं काय आहे गं?"

तिने मान वर केली नाही. "नुसतं बांधून भागत नाही. पुढे सांभाळणार कोण? हॉटेलवाल्यांनी जबाबदारी घेतलीय."

"कधी ठरलं?"

"तू छपरावर चढलास त्याच्या आधी."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर कुणी हात लावला असता का?"

परक्याने तोंडाला पानं पुसली असती तर चार शिव्या हासडून तो मोकळा झाला असता. पण ही ताई होती. तो तसाच मागे फिरला.

गाव ताईच्या दारात जमलं, भांडलं, पण करारावर सह्या केव्हाच झाल्या होत्या. हॉटेलचं पुढचं काम सुताराने नाकारलं. गवंड्याने घेतलं, त्याच्या घरी खाणारी तोंडं होती, कुणी बोल लावला नाही. सुताराने आपली अर्धी शेड रिकामी केली आणि नर्सबाईंनी तिथेच दवाखाना थाटला.

थंडीत ताई गुडघा धरून आली, रांगेत उभी राहिली. त्याने तिला खुर्ची आणून दिली, कुणाही बाईला दिली असती तशी.

"बरा आहेस ना?" तिने विचारलं.

"नर्सबाई बोलावतील," तो म्हणाला आणि कामाकडे वळला.